पिकअपला अडखळणारी गाडी: झटका नेमका कधी लागतो यावरून दोष पकडा

एक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर दम खाते आणि मग एकदम उचलते. किंवा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन झटके मारते आणि पुन्हा सुरळीत चालते. गॅरेजमध्ये या सगळ्याला ‘मिसिंग’ हा एकच शब्द आहे, आणि तो निदान पाच वेगवेगळ्या दोषांना लावला जातो. घोळ तिथेच सुरू होतो. प्लग बदलून बघू, मग इंजेक्टर साफ करून बघू, मग थ्रॉटल बॉडी, मग पंप, असं बिल वाढत जातं आणि झटका तसाच राहतो.

इथली माहिती प्रामुख्याने टर्बो नसलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: वॅगनआर, स्विफ्ट, आय१०, टियागो या वर्गातल्या, तीन किंवा चार सिलिंडरच्या, सीएनजी असलेल्या आणि नसलेल्याही. डिझेलबद्दल शेवटी थोडं आहे.

इंजिनला दोष देण्याआधी

रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला एक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि वेग मात्र रेंगाळतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिन ठीक आहे. उलट काटा आणि वेग दोन्ही अडखळत असतील, तरच पुढे वाचा.

ब्रेक जाम आहे का तेही बघून घ्या. आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटचा टप्पा जोरात ब्रेक न मारता संपवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर कॅलिपर किंवा ड्रम धरून ठेवतो आहे. एसी बंद करून एक फेरी मारा. हजार सीसीच्या आतल्या इंजिनात कॉम्प्रेसर लागतो तेव्हाचा धक्का दोषासारखा वाटतो, पण तो दोष नसतो. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीत गिअर बदलताना येणारी पोकळीही त्या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे. ती दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

उंचीचाही हिशेब धरा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईत मिळणाऱ्या ताकदीतली तेरा टक्के तिथे नाहीच. गाडी तिथे मंद वाटणं साहजिक आहे, झटके मारणं नाही.

झटका कधी लागतो

स्कॅनर लावण्याआधी दोन दिवस नीट लक्ष ठेवा आणि कागदावर लिहा: कोणता गिअर, किती आरपीएम, इंजिन थंड की गरम, पेट्रोल की सीएनजी, टाकी किती भरलेली. अर्धं निदान या नोंदींतच होतं.

पाय ठेवल्याठेवल्या अर्धा सेकंद दम खाते आणि मग ठीक चालते, तर हवेची बाजू बघायची. एक्सिलरेटर अचानक उघडला की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्यांत, हवा लगेच शिरते, पण पेट्रोलचा काही भाग पोर्टच्या भिंतीला चिकटून राहतो. म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्या क्षणी थोडं जास्तीचं पेट्रोल मारतो. किती मारायचं हे त्याला थ्रॉटलचा सेन्सर आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सांगतात. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला असेल, सेन्सरचा पट्टा एका जागी झिजला असेल किंवा कुठून चोरटी हवा शिरत असेल, तर हा हिशेब चुकतो आणि एक घास कोरडा जातो.

वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, जोर देताना झटके येतात, म्हणजे १५०० ते २५०० च्या दरम्यान, खंबाटकीसारख्या चढावर किंवा पूल चढताना, तर पहिला संशय प्लग आणि कॉइलवर (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा भाग). थ्रॉटल जास्त उघडा असताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल आयडलला, म्हणजे पाय न ठेवता इंजिन नुसतं चालू असताना, मजेत चालते आणि नेमकी इथे हात टेकते. गाडी उभी करून रेस दिली तर काहीच सापडत नाही, कारण उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो. ‘साहेब, मस्त चालतेय’ हे वाक्य तिथूनच येतं.

लांब ओढताना, साडेतीन हजारांच्या पुढे, झटका नाही पण गाडी दबल्यासारखी होते, वर जाऊच देत नाही: पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे किंवा सायलेन्सरची वाट तुंबली आहे.

सकाळी थंड असतानाच अडखळते तर कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर किंवा व्हॉल्व्हच्या पाठीवरचा कार्बन. तो कार्बन स्पंजसारखा पेट्रोल पिऊन घेतो. गरम झाल्यावरच त्रास होतो तर कॉइल, क्रँक सेन्सर, पेट्रोलचा पंप. पाऊस पडून गेल्यावर सुरू झालं तर प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) पाणी.

आणि टाकी फुल केल्यानंतरच गाडी सुरू व्हायला त्रास देते, पहिला किलोमीटरभर अडखळते, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) बघा. पंपावर ऑटो कट झाल्यावरही ‘राऊंड फिगर’ करायला आणखी पेट्रोल कोंबण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते जास्तीचं पेट्रोल कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जातं आणि तिथून मॅनिफोल्डमध्ये. नोझल एकदा कट झालं की थांबवा. पैसे सुटे द्यायची चिंता कॅनिस्टर बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

सीएनजीचं बटण हाच पहिला स्कॅनर

गाडीत सीएनजी असेल तर निदानाचं सगळ्यात स्वस्त साधन डॅशबोर्डवरच आहे. तोच चढ, तोच गिअर, तोच वेग. एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर.

दोन्हींवर झटका येतो तर दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात आहे: प्लग, कॉइल, थ्रॉटल, सेन्सर, कॉम्प्रेशन, सायलेन्सर. पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर यांना तिथल्या तिथे बाजूला ठेवता येतं.

फक्त पेट्रोलवर येतो तर पंप, इंजेक्टर किंवा जुनं पेट्रोल. महिनोन्‌महिने गॅसवर चालणाऱ्या गाडीत हे हमखास होतं. टाकीत चार लिटर पेट्रोल सहा महिने पडून राहतं, इंजेक्टरच्या तोंडाशी चिकटा धरतो. पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. टाकी कायम तळाला असेल तर तो तापतो आणि लवकर जातो. सीएनजी असली तरी पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि रोज निदान चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

फक्त गॅसवर येतो तर क्रमाने बघा. आधी प्लग. गॅसच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून पेट्रोलवर चालून जाणारा झिजका प्लग गॅसवर उघडा पडतो. मग रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) आणि इंजेक्टर रेल यांच्यामधला कमी दाबाचा फिल्टर. पंपावरच्या गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल थोडं येतंच, ते या फिल्टरमध्ये साचतं. मग रिड्यूसरचा दाब आणि गॅस इंजेक्टर. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ट्यूनिंगही तपासायचं असतं, पण ते शेवटी. प्लग झिजलेला असताना ट्यूनिंग केलं तर चुकीच्या पायावर इमारत उभी राहते.

टाकीपासून रिड्यूसरपर्यंतच्या नळीला मात्र स्वतः पाना लावू नका. भरलेल्या टाकीचा दाब २०० बार असतो. ते काम किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाचंच.

स्कॅनरवर काय बघायचं

स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं अ‍ॅप या कामाला पुरतं. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नसला तरी लावा. पेंडिंग कोड दिव्याशिवायही नोंदलेले असतात. कोड सापडला की लगेच पुसू नका. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम असते: दोष आला त्या क्षणी आरपीएम किती, भार किती, तापमान किती. बॅटरीची वायर काढून ‘रिसेट’ करायची सवय अनेकांना असते. त्यात हा सगळा पुरावा जातो.

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे तिथलं मिश्रण नीट न पेटणं. पी०३०० म्हणजे एका ठिकाणी न टिकणारी, फिरती मिसिंग. ती बहुधा पेट्रोलचा दाब किंवा हवेची गळती यांतून येते. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. पी२१३५ म्हणजे थ्रॉटल किंवा पेडलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी जुळत नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर जोर देणं लगेच थांबवा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं आहे आणि त्याची जाळी वितळू शकते.

कोड नसेल तर आकडे बघायचे. आधी मॅप सेन्सर: चावी चालू, इंजिन बंद. हा आकडा त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाइतका हवा. मुंबईत किंवा कोकणपट्टीवर १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. पावसाळी हवेत एखादा किलोपास्कल कमी. पुण्यात उभ्या गाडीत ८५ दिसत असेल तर सेन्सर खोटं बोलतो आहे. गरम इंजिन आयडलला, एसी बंद असताना, ३० ते ४० दिसायला हवं.

मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) या दोन्ही ट्रिमची बेरीज करा. उणे पाच ते अधिक पाच ठीक, दहाच्या पुढे दोष. अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवून वाढवून तूट भरतो आहे. आयडलला अधिक १८ आणि २५०० आरपीएमला अधिक ४ असेल तर चोरटी हवा शिरते आहे, कारण थ्रॉटल उघडल्यावर त्या गळतीचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलला ठीक आणि भार आल्यावर वाढत जातं, तर पेट्रोल कमी पडतं आहे किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळला आहे. गाडीत एमएएफ नसून फक्त मॅप असेल तर पहिली खूण फसवी ठरते. तिथे गळतीमुळे मॅनिफोल्डचा दाबच वाढतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल देतो, ट्रिम फारशी हलत नाही आणि फक्त आयडल चढा राहतो. एमएएफ आहे की नाही हे एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या पाइपवर सेन्सर आहे का ते बघून कळतं.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा एक बारकावा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. त्यामुळे ई१० च्या जागी ई२० घातलं की जुन्या गाडीत ट्रिम तीन-चार टक्क्यांनी अधिककडे सरकते. तेवढ्यावरून इंजेक्टर काढायला बसू नका.

शेवटची चाचणी सगळ्यात बोलकी. अ‍ॅपवर रेकॉर्डिंग लावा. गाडी चालवताना फोनकडे बघायचं नाही, शेजारी माणूस बसवा. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण दाबून साडेचार हजारांपर्यंत न्या. पुढचा (कन्व्हर्टरच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर जुन्या पद्धतीचा, म्हणजे ०.१ ते ०.९ व्होल्ट दाखवणारा असेल, तर पूर्ण जोरात तो ०.८ च्या वर जाऊन टिकायला हवा. जोर देताना तो ०.१ वर कोसळला तर इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. ०.८ च्या वर टिकला आणि तरी झटके आले, तर पेट्रोल भरपूर आहे, ठिणगी बघा.

प्लग आणि कॉइल

इथेच सर्वाधिक गाड्यांचा प्रश्न सुटतो, आणि घाईने इथेच सर्वाधिक नुकसानही होतं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम प्लग काढला तर आटे सोलून येतात. कॉइलचा सॉकेट सोडवा, बोल्ट बहुधा १० च्या गोटी पान्याने निघतो. कॉइल सरळ वर ओढायची, वाकवायची नाही. प्लग काढण्याआधी विहिरीत हवा मारा. तिथली माती आत पडली तर सिलिंडरला ओरखडे पडतील. प्लगला १६ चा लांब पाना लागतो, काही नव्या इंजिनांत १४ चा.

विहिरीत तेल आहे का? असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि विहिरीचे सील बदला, नाहीतर नवी कॉइलही काही महिन्यांत जाईल. तेलाने कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते.

प्लग ओळीत मांडा, कोणता कुठला ते विसरू नका. फिकट तपकिरी टोक चांगलं. काळी सुकी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरंफटक टोक म्हणजे मिश्रण कोरडं. ओलं तेल म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. चारांतला एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरचा. चारही सारखेच काळे असतील तर सगळ्यांना सामाईक असं काहीतरी. पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी त्याच वाटेने खाली उतरते आहे. तो प्लग आणि त्यावरचं कॉइलचं रबर, दोन्ही बदला. एकच बदललं तर रेघ दुसऱ्यावर पुन्हा उमटते.

गॅप फीलर गेजने मोजा. गाडीप्रमाणे तो साधारण ०.७ ते १.१ मिमी असतो आणि नेमका आकडा मॅन्युअलमध्येच बघायचा; सीएनजी गाडीला तो कमी दिलेला असतो. इरिडियम प्लगच्या बारीक सुईवर गेज दाबू नका, ती तुटते. साधा निकेल प्लग ३० ते ४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियम लाखाच्या आसपास. सतत गॅसवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही लवकर बदलावे लागतात.

बसवताना प्लग हाताने आट्यात फिरवत न्या, पाना शेवटी. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की अर्धं वळण, आटे १४ मिमीचे असतील तर जास्तीत जास्त दोन तृतीयांश. जुनाच परत बसवत असाल तर वळणाचा बारावा हिस्सा पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसमुळे हाताला अंदाज येत नाही आणि प्लग गरजेपेक्षा जास्त कसला जातो.

आता अदलाबदलीची चाचणी. स्कॅनर पी०३०२ सांगतो असं धरा. दोनची कॉइल तीनला, तीनची दोनला लावा, कोड पुसा, तोच चढ पुन्हा चढा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, नक्की. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. आता प्लगची अदलाबदल. तरी दोनवरच राहिला तर इंजेक्टर, आणि मग कॉम्प्रेशन. या पद्धतीत एक रुपयाचाही सामान न घेता दोषापर्यंत पोचता येतं. चारही कॉइल एकदम बदलायचा सल्ला मिळाला तर आधी ही चाचणी मागा.

हवेची बाजू

एअर फिल्टर उन्हाकडे धरून बघा, झटकून परत घालण्याच्या लायकीचा नसेल तर बदला. फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप वाकवून पाहा. घड्यांच्या आत पडलेली चीर सरळ ठेवल्यावर दिसत नाही. इंजिन जोर देताना हलतं आणि तेव्हाच ती उघडते. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये ओढणारी) नळी, इंजेक्टरखालचे ओ-रिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट ही गळतीची नेहमीची ठिकाणं. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत रूढ आहे, पण तो भडकतो. गॅरेजमध्ये धुराचं मशीन असेल तर ते वापरायला सांगा. नसेल तर साध्या पाण्याचा बारीक फवारा संशयाच्या जागी मारा आणि आयडल बदलतो का ऐका. कॉइल आणि सॉकेटपासून पाणी लांब ठेवा.

पर्ज व्हॉल्व्हची परीक्षा सोपी आहे. थंड इंजिन आयडलला असताना व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा आणि तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे.

थ्रॉटल बॉडी साफ करायची तर चावी बंद, सॉकेट काढलेला. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती चावी चालू असताना बोटाने ढकलली तर आतले प्लास्टिकचे गिअर तुटू शकतात. थ्रॉटल क्लीनर कापडावर घ्या, थेट आत ओतू नका, चकतीची कड आणि ती जिथे टेकते तो गोल भाग पुसा. नंतर आयडल चढा राहिला तर घाबरू नका. ईसीयूला काजळीसकटची जागा पाठ झालेली असते. काही गाड्यांत ती आपोआप सुधारते, काहींत स्कॅनरने आयडल रिलर्न करावं लागतं. एमएएफ सेन्सरला मात्र फक्त त्याचाच क्लीनर, आणि तारेला हात किंवा कापूस अजिबात नाही.

पेडलचा सेन्सर तपासायला इंजिन बंद, चावी चालू ठेवून पेडल अगदी सावकाश दाबा आणि अ‍ॅपवर आलेख बघा. रेघ सरळ चढायला हवी. मध्येच खड्डा पडला तर रोज पाय जिथे असतो तिथे पट्टा झिजला आहे.

पेट्रोलचा पुरवठा

नव्या ठिकाणी पेट्रोल भरल्यावर दोष सुरू झाला असेल तर काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढून तासभर स्थिर ठेवा. इथेनॉल पाणी शोषून धरतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात. थर दिसला तर टाकी रिकामी करून पुसण्याशिवाय इलाज नाही. वरून आणखी पेट्रोल ओतून तो जात नाही.

दाब मोजण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग गेज लावा. बहुतेक एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो. आयडलचा आकडा पुरेसा नाही. जोर देताना तो किती खाली येतो हे महत्त्वाचं. अर्धा बार जरी घसरला तरी पंप, आतली जाळी किंवा वायर यांपैकी एक दोषी. पंप मागवण्याआधी पंपाच्या सॉकेटवर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्टहून जास्त कमी असेल तर रिले किंवा अर्थिंगची वायर खराब आहे आणि नवा पंपही तसाच रडेल. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पंप मागच्या सीटखालच्या झाकणातून निघतो. हे काम उघड्यावर, बॅटरी सोडवून, जवळ आग विझवायचं साधन ठेवूनच.

एवढं करूनही दबलेलीच असेल तर

पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबाचा गेज लावा. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० ला तीनच्या आत हवा. जास्त असेल तर कन्व्हर्टर तुंबला आहे. रबरी हातोडीने हलकं ठोकून आत खुळखुळ ऐकू आली तर जाळी तुटलेली आहे. पण कन्व्हर्टर स्वतःहून क्वचित मरतो. आधीची मिसिंग किंवा इंजिनाने खाल्लेलं तेल त्याला मारतं. ते कारण न मिटवता नवा बसवू नका.

कॉम्प्रेशन सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजतात. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. खूप काळ गॅसवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातात आणि टॅपेटचा गॅप संपतो. आवाज न करणारे टॅपेट चांगले असं समजू नका; घट्ट टॅपेट आवाजच करत नाहीत.

डिझेल

काळा धूर आणि सूंऽऽ असा आवाज एकत्र असेल तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा होज फाटला आहे किंवा क्लॅम्प सुटला आहे. कोड बहुधा पी०२९९ येतो. धूर नाही आणि वर जाताना दम सुटतो, तर डिझेल फिल्टर. आधी त्याच्या तळाचं पाणी काढून बघा. खालच्या आरपीएमला अडखळते तर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) आणि काजळीने भरलेला मॅप सेन्सर. तीन हजारांच्या आसपास बांधल्यासारखी थांबते तर ती लिंप मोडमध्ये आहे, म्हणजे दोष दिसल्यामुळे ईसीयूने ताकद कमी करून ठेवली आहे; कोड वाचल्याशिवाय काहीही उघडू नका. कॉमन रेलच्या नळ्या चालू इंजिनावर सैल करून बघण्याची जुनी पद्धत आता जीवघेणी आहे. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक फवारा कातडीतून आत शिरतो.

दुरुस्तीनंतरची फेरी

कोड पुसा आणि वहीत लिहिलेली तीच परिस्थिती पुन्हा उभी करा: तोच चढ, तोच गिअर, तीच माणसं आणि सामान. सीएनजी गाडी असेल तर आधी पेट्रोलवर चालवा. गॅसचं गणित पेट्रोलच्या इंजेक्शनच्या वेळेवर आधारलेलं असतं, म्हणून पेट्रोलची ट्रिम पाचच्या आत स्थिरावली की मगच गॅसचं बटण दाबा. त्यानंतरही फक्त गॅसवर झटका उरला तर किटवाल्याकडे जा आणि दोन्ही इंधनांवरचे रेकॉर्ड केलेले आकडे सोबत न्या.